पोहरा

बाराला पाच कमी. होडीत चौदा माणसं,
मधल्या फळीवर खारवलेल्या काकड्यांची बरणी.
पुढे बसलेला मुलगा पाण्यात सोडलेला हात वर काढतो,
बघतो:
बोटांना गेरू.

गंज आहे तो, मी सांगते. लोखंडाचा.
"काय बुडालंय खाली?"
आई त्याला गप्प करते.
मी काठी तळाला टेकवून रेटते.
श्प्रेचं पाणी इथे चहासारखं, दूध न घातलेल्या.

आमच्याकडे भर दुपारी शेतात एक बाई येते म्हणतात.
पांढऱ्या कपड्यातली, हातात विळा.
तासभर जवसाबद्दल विचारते:
कसा पेरला, कसा भिजवला, कसा कातला.
एकच्या ठोक्याआधी तुमची उत्तरं संपली
तर मान गेली.
जवस आता कुणी पेरत नाही.
तिने विचारायला काय उरलं असेल,
मला ठाऊक आहे.

तर ऐक, बाई.

लिपिना नावाचं गाव होतं, अडतीस उंबरे.
आधी पाणी गेलं, मग गाव.
खाली कोळसा होता आणि कोळशाला
कोरडं अंथरूण लागतं.
सभोवती भोकं पाडली, खोल, रात्रंदिवस उपसा.
त्या वर्षी वडिलांनी दोराला दोनदा गाठ मारली,
तिसऱ्यांदा घोड्याचा लगाम जोडला,
पोहरा वर आला तो नुसता वाजत.
मग नकाशे घेऊन माणसं आली.
घंटा शहरात गेली. मेलेलेही गेले,
पेट्यांवर खडूने आकडे घालून.
आजी म्हणाली, सोळा नंबर माझा नवरा नाही,
पण उघडून कोण बघणार?

माझा भाऊ कितो पंपांवर लागला.
एकतीस वर्षं, बहुतेक रात्रपाळी.
आमच्याच विहिरीचं पाणी त्याने उपसलं
आणि नदीत सोडलं.

नदीला बाळसं आलं.
हे सांगताना माझी जीभ अडखळते, पण आलं.
कोरड्या उन्हाळ्यातही भरलेले काठ,
खालच्या अंगाला बर्लिन पीत होतं,
होड्या वाढल्या, ही माझी होडीही
त्याच पाण्यावर घेतलेली, हप्त्याने.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात.
आमच्याकडे आडातलं सगळंच पोहऱ्यात आलं
आणि त्या पोहऱ्याला आम्ही नदी म्हणालो.

आता खाणी मिटताहेत.
चांगलं झालं, म्हणत मीही मोर्चात चालले होते.
एकेक पंप थांबतो,
रिकामी झालेली जमीन तहानेली,
आधी ती पिते.
बंधाऱ्याच्या मोजपट्टीवर जुलैत असे आकडे उघडे पडले
जे मी कधी पाहिलेच नव्हते, शेवाळ नसलेले, नवेकोरे.
तीन आठवडे होड्या बांधून ठेवल्या.
पाण्यावर पडलेलं एल्डरचं पान
संध्याकाळी तिथेच होतं.

आणि जे थोडं परत येतं
ते उलथलेल्या मातीतून येतं.
तिथे एक दगड असतो, सोन्यासारखा चमकणारा,
कधी हवेला न भेटलेला.
हवेला भेटला, आंबला.
पाणी त्याला विरघळवून घेऊन येतं,
आमच्या दारात ओततं.

कितो आता शहरात, तिसऱ्या मजल्यावर.
नळ ठिबकला की रात्री उठतो,
घट्ट करतो, पुन्हा बघून येतो.
सवय, म्हणतो.
त्याला मी विचारलं नाही:
ते पाणी आपलं होतं, हे तुला तेव्हा कळत होतं का?
कदाचित विचारीन, पुढच्या रविवारी.

लांब कुठेतरी एकचा ठोका.
मान शाबूत आहे.
मुलगा अजून हात हवेत धरून बसलाय,
सदऱ्याला पुसू की नको, ठरत नाहीये त्याचं.

मी बरणी उघडते.
घे, म्हणते, काकडी खा.
आधी हात धू.

कशात, तो विचारतो.